घेतली म्हणजे घेतली

वटार,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

घाबरू नकोस, पत्र आलं म्हणजे कुणी गेलं-बिलं नाहीये. बारावी आहे म्हणून माझा मोबाईल बाबांनी कपाटात ठेवलाय आणि किल्ली कमरेला लावलीय. आईच्या फोनवरून तुझ्याशी बोलायला बसले की बाबा मोगऱ्यातलं काम टाकून ओटीवर येऊन उभे राहतात. म्हणून हा कागद. शेजारच्या वाडीतली प्रिस्का रोज एव्हरशाईनला पार्लरमध्ये कामाला जाते, तुझ्या बिल्डिंगवरूनच. तिला तीन जिने चढायला लावतेय, तर तिला चहा तरी दे. तुझ्या पायाचं प्लॅस्टर कधी निघतंय?

मुद्द्यावर येते. मला परत फिट आली. एकदा नाही, दोनदा. पहिली दिवाळीनंतर बारा तारखेला, सकाळी दात घासताना. दुसरी परवा शुक्रवारी, फिजिक्सच्या लेक्चरला. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली होती. साठ मुलांसमोर, आत्या! सर बिचारे 'जागा द्या, जागा द्या' करत स्वतःच मध्ये उभे होते.

नववीत पहिल्यांदा आली होती, त्यानंतर पावणेतीन वर्षं काही म्हणजे काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बारावीची परीक्षा होऊ दे, मग हळूहळू गोळी कमी करायचं बघू. मी तर कॅलेंडरवर मार्चमध्ये गोल काढून ठेवला होता. आता सगळं पहिल्यापासून.

आणि घरात सगळ्यांचं एकच, मी गोळी चुकवते. आई तसं म्हणते, बाबा बोलत नाहीत पण त्यांच्याही मनात तेच असणार. आत्या, मी चुकवत नाही गं. तू दिलेला तो सात खणांचा डबा आहे ना, बाबा दर रविवारी पूजा झाली की तो स्वतः भरतात. मी रात्री जेवले की त्या दिवसाचा खण उघडते, गोळी तोंडात टाकते, वर ग्लासभर पाणी. घेतली म्हणजे घेतली.

पण एक सांगू? कुणाला सांगू नकोस. फिट आली की आधीचा थोडा वेळ पुसून जातो. मग मी आठवायला बसते. काल रात्री मी गोळी घेतली, पाणी प्यायले, ग्लास पालथा ठेवला. पण ते काल होतं की परवा? रोज एकसारखंच तर करते. आई डोळ्यात डोळे घालून विचारते तेव्हा मलाच वाटायला लागतं की नसेल घेतली बहुतेक. डोकं माझं, आणि साक्ष देताना तेच फितूर.

तू तरी माझ्यावर विश्वास ठेव. घरात एकीने ठेवला तरी चालेल.

तुझी,
रिद्धी


एव्हरशाईन सिटी,
२८ नोव्हेंबर

चि. रिद्धीबाईंना लंगड्या आत्याचा आशीर्वाद,

प्रिस्काला चहा दिला, खारी दिली, आणि तिच्याकडून माहितीही काढली. प्लॅस्टर अजून महिनाभर आहे. शाळेत न जाता घरी बसून मी वेडी व्हायची राहिलेय.

आता ऐक. बावीस वर्षं मी सातवी-आठवीच्या पोरींना शिकवतेय. गृहपाठाची वही कुत्र्याने खाल्ली, गायीने खाल्ली, एकीची तर देवाला वाहिली गेली होती. तेव्हा तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग काळजी वाटली. बाळ, मी तुझ्यावर रागावणार नाही. त्या गोळीने केस गळतात, वजन वाढतं, झोप येते, हे तूच मला उन्हाळ्यात सांगून रडली होतीस. तुझ्या वयाची असताना डॉक्टरांनी मला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मी सहा महिने मोगऱ्याच्या आळ्यात टाकल्या आणि आईला म्हणत राहिले, 'घेतली गं बाई.' म्हणून मला हे कळतं. चुकवली असशील तर मला सांग. तुझ्या बाबाला, दयाला, मी अवाक्षर बोलणार नाही, शपथ.

आणि हो, तो क्लेटन कोण? प्रिस्का म्हणाली, तुझ्या वर्गातला आहे आणि त्याची स्कूटर तू चालवत होतीस, तो मागे बसला होता. अगं, तुझ्या आजाराच्या माणसाने गाडी चालवायची नसते हे तुला डॉक्टरीणबाईंनी किती वेळा सांगितलंय! पोरगा आवडत असेल तर आवडू दे, त्याचं मी बघून घेईन. पण मागे बसायला काय झालं होतं?

एक कर. घेतलेल्या गोळीची कॅलेंडरवर त्याच क्षणी फुली मार. पुसलेलं आठवायला नको आणि घरच्यांची तोंडं बंद.

तुझी,
आत्या


वटार,
गुरुवार, ५ डिसेंबर

आत्या,

'प्रिय' मुद्दाम लिहिलं नाहीये.

मी तुला विश्वास ठेव म्हटलं आणि तू मला तुझ्या रक्तवाढीच्या गोळ्यांची गोष्ट सांगितलीस! तू टाकल्यास म्हणून मी टाकते होय? आणि क्लेटन कुणी नाही. त्याला माझ्यापेक्षा त्याच्या स्कूटरची जास्त काळजी आहे.

फुल्या मारल्या. एकोणतीसपासून रोज, गोळी गिळल्या गिळल्या, पेन हातातच धरून. रात्री डबा उघडा आईला दाखवते. आई माझी जीभसुद्धा बघते आता, दवाखान्यात बघतात तशी. आणि तरी मंगळवारी सकाळी फिट आली. चार फुल्या, एक फिट. गोळीची चवसुद्धा हल्ली खडूसारखी लागते, बहुतेक माझं तोंडच बिघडलंय.

म्हणजे काय? म्हणजे गोळीचा माझ्यावर काही उपयोगच उरलेला नाही. घेतली तरी येणार, नाही घेतली तरी येणार. तीन वर्षं मी ट्रीपला गेले नाही, झोपाळ्यावर बसले नाही, रात्रीची गरब्याला गेले नाही, गच्चीच्या कठड्याजवळ गेले नाही. नियम पाळला की फिट येत नाही, असा सौदा होता ना? मी माझी बाजू पाळली. समोरच्याने मोडला. मग आता मी एकटीनेच का पाळायचा?

तू सांगायचं नाही असं वचन दिलंयस म्हणून सांगते. स्कूटर मी तीनदा चालवली. आणि बावखलात पोहते. वाडीतल्या आपल्या त्या तळ्यातच गं, जिथे बाबांनी मला सहावीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं होतं. आई दुपारी झोपते, बाबा बाजारात फुलं द्यायला जातात, तेव्हा जाते. दोनदा गेलेय. पाणी असं गार असतं की पहिल्या बुडीला श्वास अडकतो. आत गेलं की कुणी मला बघत नसतं. बाहेर असले की सगळे माझ्याकडे दुधाकडे बघतात तसे बघतात, आता उतू जाईल, मग उतू जाईल. पाण्यात मी नुसती रिद्धी असते.

भीती वाटते का विचारशील. वाटते. पण कशाची वाटते ते कळत नाही. येण्याची, की ती येईल म्हणून आयुष्यभर ओटीवर बसून राहण्याची?

वाडीत सध्या मोगऱ्याचं पाणी तोडलंय. पानं पिवळी पडून गळतायत, बघवत नाही. बाबा म्हणतात, उपाशी ठेवल्याशिवाय मोगरा कळी धरत नाही, थोडे दिवस कळ काढायची. बाबा तासन्‌तास त्या काटक्यांत उभे असतात. माझ्याकडे बघत नाहीत. मी समोर आले की दुसरीकडे बघतात.

रिद्धी


एव्हरशाईन सिटी,
८ डिसेंबर

रिद्धी,

अगं कारटे, बावखलात? एकटी? पाण्यात फिट आली तर ओरडायलासुद्धा यायचं नाही तुला. रस्त्यावर पडलीस तर चार टाके पडतील, पाण्यात पडलीस तर काय ते मला लिहवतसुद्धा नाही.

मी वचन देऊन बसले, हे माझंच चुकलं. आता सांगावं तर तू पुन्हा मला कधी काही सांगणार नाहीस, न सांगावं तर रोज खिडकीत प्रिस्काची वाट बघत बसायचं. कालपासून दहा वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय करू, मला खरंच समजत नाही. बावीस वर्षांच्या मास्तरकीचा काही उपयोग होत नाहीये.

एक सौदा माझ्याशी कर. पाण्यात जाणार नाहीस असं लिहून पाठव, मी गप्प राहीन. आणि त्या फुल्यांबद्दल, खरं सांगते, आता मला नीट कळेनासं झालंय. तू खोटं बोलत असतीस तर बावखलाचं कशाला सांगितलं असतंस? पण मग गोळी जाते कुठे?

रक्त तपासून त्यात औषध किती आहे ते कळतं म्हणे. मी दयाला लिहिते.

आत्या


एव्हरशाईन सिटी,
१२ डिसेंबर

चि. दया,

फोनवर तू 'हो हो, बघू' म्हणतोस आणि ठेवतोस, म्हणून लिहिते. रिद्धीला महिन्याभरात तीन फिट आल्या आणि तू डॉक्टरांकडे नेत नाहीस. 'परीक्षा होऊ दे' म्हणजे काय? हे काय पावसाळ्याआधी छप्पर शाकारणं आहे का, सवडीने करायला?

तिची रक्ताची तपासणी कर. तुम्ही सगळे म्हणता ती गोळी चुकवते. ती म्हणते घेतली. ठीक आहे, रक्ताला विचारा. ते कुणाची बाजू घेणार नाही.

तू लहान असताना कैरी चोरलीस की जसा मान खाली घालून बसायचास, तसा आवाज येतो तुझा फोनवर. पोरीशी काही झालंय का? वहिनीशी? मला सांग. आणि तिच्यावर नजर ठेव, दुपारी विशेष. का ते विचारू नकोस.

ताई


वटार,
गुरुवार, २६ डिसेंबर

ती. ताईस, दयारामचा साष्टांग नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. घरची बोली कागदावर उतरत नाही, आणि शाळेतली भाषा धड येत नाही. चूकभूल समजून घे. फोनवर हे बोलता आलं नसतं.

रविवारी सकाळी रिद्धी बावखलात बुडाली. वाचली. आधी हे लिहिलं, बाकी मग.

प्रिस्का चर्चमधल्या मिसाहून परत येत होती. बावखलाच्या काठच्या वाटेने आली म्हणून तिला काठावर चपला दिसल्या आणि पाण्यात नुसती पाठ. पोरीने नव्या ड्रेससकट उडी मारली. केस धरून बाहेर काढलं. मी ओरडा ऐकून गेलो तेव्हा रिद्धीचे ओठ काळेनिळे होते. वसईच्या दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. छातीत पाणी गेलं होतं. आता घरी आहे, जेवते, बोलते थोडं.

तू सांगितलेली रक्ताची तपासणी दवाखान्यात केली. रिपोर्ट मंगळवारी आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध नावालासुद्धा नाही, ही पोरगी महिनाभर तरी गोळी घेत नाहीये. तिची आई रडायला लागली. बाई रिद्धीला म्हणाल्या, खरं सांग, आम्ही रागावणार नाही. रिद्धीने एकदा आईकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि म्हणाली, 'घेतली म्हणजे घेतली.' मग हळूच म्हणाली, 'नसेल घेतली. मला नाही माहीत. तुम्ही सगळे म्हणताय तर नसेल.'

ताई, ते ऐकल्यावर मला राहवेना. मी तिथेच सांगितलं. तुलाही सांगतो.

गोळी मी बदलली होती.

दिवाळीपासून. तिच्या आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या तशाच पांढऱ्या, तेवढ्याच मोठ्या. रविवारी डबा भरताना पहिल्या आठवड्यात दिवसाआड त्या टाकल्या. मग दोन सोडून एक खरी. मग सगळ्याच त्या. मोगऱ्याचं पाणी मी असंच तोडतो, एकदम नाही, हळूहळू. झाडाला रोज पाणी दिलं की ते आळशी होतं, नुसता पाला काढतं. थोडं उपाशी राहिलं की स्वतःच्या बळावर उभं राहतं आणि कळी धरतं. चाळीस वर्षं मी हेच करत आलो, बापाने हेच शिकवलं. मला वाटलं, पावणेतीन वर्षं झाली, आता पोरीचं मूळ धरलं असेल. डॉक्टरांनीही कमी करू म्हटलंच होतं. मी चार महिने आधी केलं, एवढंच मनात होतं.

गणपतीत तिने मला म्हटलं होतं, 'बाबा, गोळीने माझ्या डोक्यात चिखल झालाय, वाचलेलं रुतून बसतं, वर येत नाही.' एवढी हुशार पोर. केसांचा पुंजका हातात घेऊन दाखवला. मी काय करणार होतो? मला वाडीतलं तेवढं कळतं, तेच केलं.

पहिली फिट आली तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, मोगऱ्याचीही आधी पानं गळतात, ते दिवस काढले की बहर येतो. दुसरी आली तेव्हा घाबरलो. पण तोवर घरात सगळे तिला बोलत होते, तिची जीभ बघत होते, आणि मी त्यांच्यात उभा होतो. तोंड उघडेना. तिसऱ्या फिटनंतर खरी गोळी पुन्हा सुरू करायची, म्हणून रविवारी हातात घेतली. वाटलं, फिट बंद झाल्या की सगळे म्हणतील, बघा, आता घ्यायला लागली, म्हणजे आधी चुकवतच होती. ती कायमची खोटी ठरली असती. आणि सांगायची माझी छाती होत नव्हती. म्हणून तशीच कॅल्शियमची भरली. असा कुठला बाप असतो का?

डॉक्टरीणबाई मला काय काय बोलल्या. ते योग्यच होतं. ही गोळी अशी कुणी स्वतःच्या मनाने तोडायची नसते, जीव जातो, म्हणाल्या. आता पहिल्यासारखी सुरू आहे.

आई रिद्धीची माफी मागते, मी मागतो, प्रिस्काची आई नाताळचा केक घेऊन आली तीही रडली. पोर नुसती मान हलवते.

मी एक ठरवलं आहे. बावखल बुजवायचं. सोमवारी सकाळी मातीचा डंपर येईल, दिवसभरात आठ-दहा खेपा. वाडीला पाणी कुठून, असं तिची आई विचारते. वाडी नाही राहिली तरी चालेल. माझ्या चुकीने जिथे पोरगी गेली असती, ते पाणी मला रोज बघवणार नाही.

लहान भाऊ,
दयाराम


एव्हरशाईन सिटी,
२७ डिसेंबर

माझ्या लाडक्या रिद्धी,

दयाचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आधी मी त्याला फोन करून जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघायला आल्या. तो 'हो ताई, हो ताई' म्हणत राहिला, त्याने आणखी संताप आला. वाडीला लावायची अक्कल लेकराला लावतात का? आणि लावली ती लावली, वर महिनाभर तुझी उलटतपासणी बघत उभा राहिला!

पण दुसऱ्याला काय बोलू? तू मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की घरात एकीने विश्वास ठेवला तरी चालेल. आणि मी तुला कुत्र्याने खाल्लेल्या वह्यांचे किस्से सांगत बसले. हुशार ना मी, मुलींच्या थापा ओळखणारी! रिद्धी, मी तुझी मनापासून माफी मागते. तुझं काहीच चुकलं नव्हतं. तू शब्दान्‌शब्द खरं बोलत होतीस आणि आम्ही शहाण्या माणसांनी मिळून तुला स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लावला.

बावखलाचं मला माहीत होतं हे मी दयाला अजून सांगितलेलं नाही. मी तेव्हाच बोलले असते तर तू पाण्यात गेली नसतीस. तूही मला लिहून पाठवलं नाहीस की जाणार नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. रात्रभर तेच डोक्यात.

बावखल बुजवतो म्हणतोय. आपल्या आजोबांनी खणलेलं, माझं सगळं बालपण त्यात भिजलेलं. पण मी त्याला अडवणार नाही. त्याने गुन्हा केलाय, त्याला त्याची शिक्षा भोगू दे. तू मात्र आता कसलाही विचार करू नकोस. खा, झोप, बरी हो.

तुझी अपराधी,
आत्या


वटार,
सोमवार, ३० डिसेंबर, दुपार

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी उशीखाली ढकललं. 'तुझं काहीच चुकलं नव्हतं' त्या ओळीवर तर मी बोट ठेवून बसले होते.

ऐक. त्या रविवारी सकाळी चहा घेताना माझा हात उडाला. आपोआप, झटका बसल्यासारखा. थोड्या वेळाने परत. कप खाली पडला आणि फुटला. आईला म्हटलं, निसटला. आत्या, हे मला ओळखीचं आहे. तिन्ही फिटींच्या आधी सकाळी असंच झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, सकाळी हात उडाला की त्या दिवशी सांभाळायचं, घरच्यांना सांगायचं. मी घरात कुणाला काही सांगितलं नाही, आणि अर्ध्या तासाने बावखलावर गेले.

मला मरायचं नव्हतं. हे वाक्य नीट वाच, परत वाच, कारण तू रात्रभर दुसरंच काही डोक्यात घेशील. मला मरायचं नव्हतं. मग काय हवं होतं, ते आठ दिवस शोधतेय आणि मला धड सापडत नाहीये. वाटत होतं, आज ती येणार हे मला माहीत आहे, आणि तरी मी पलीकडच्या काठाला हात लावून परत आले, तर मी जिंकले. मग मला कशालाच घाबरायला नको. पोहताना हेच मोजत होते, अजून आली नाही, अजून आली नाही. पलीकडचा काठ लागलासुद्धा. परत फिरले तेवढं आठवतं.

आणि नंतर दवाखान्यात बाबांनी गोळीचं सांगितलं. मला आधी इतका राग आला की कानात आवाज यायला लागला. मग इतकं हलकं वाटलं, की बघा, मी वेडी नाही, माझं डोकं फितूर नाही, मी खरंच घेतल्या होत्या! आणि मग सगळे माफी मागायला लागले. आई, बाबा, प्रिस्काची आई, आणि आता तू. मला कळेना मी काय करू. खरं बोलत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता एक गोष्ट लपवून गप्प बसलेय, तर सगळ्यांना मीच खरी वाटतेय. फिट बाबांच्या गोळीमुळे आली, कबूल. पण पाण्यात मला गोळीने नेलं नव्हतं. मी चालत गेले होते, चपला काढून, नीट जोडीने ठेवून.

गप्प बसले असते, आत्या. खरंच बसले असते. बाबांनी मला महिनाभर खोटी ठरू दिलं ना, मग राहू दे त्यांना चार दिवस, असं मनात होतं.

पण आज सकाळी डंपर आला. फाटकातून मागे मागे येत थेट बावखलापर्यंत. बाबा त्याला हात दाखवत होते, 'येऊ दे, येऊ दे.' त्यांचा चेहरा बघितलास तर तुझाही राग राहणार नाही. मोगऱ्याला पंधरा दिवसांत पाणी सुरू करायचंय, आणि हा माणूस त्याचं पाणीच पुरायला निघाला होता. मी धावत गेले आणि मध्ये उभी राहिले. ड्रायव्हर शिव्या देत थांबला. आणि मी सगळं सांगून टाकलं. कप, हात, चपला, सगळं. स्कूटरसुद्धा. तुला माहीत होतं तेही सांगितलं, सॉरी, आता तुझ्याकडेही वळतील.

बाबा डंपरकडे पाठ करून माझ्याजवळ आले. पुटपुटले, 'तुला माहीत होतं? हात उडाला होता आणि तू गेलीस?' मी म्हटलं, हो.

आणि मग ते ओरडले. आत्या, असे ओरडले! 'गाढवे! अक्कल कुणाला विकून आलीस? जीव नकोसा झाला होता का? तुला काही झालं असतं तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?' तीन वाड्या पलीकडे ऐकू गेलं असेल. आई धावत आली, 'अहो, तिला ओरडू नका, तिला त्रास होईल.' बाबा आईवरही ओरडले, 'होऊ दे त्रास! ऐकू दे तिला!' मग मीही ओरडले. म्हटलं, 'आणि तुम्ही? माझ्या डब्यात कॅल्शियम भरलंत! माझी जीभ बघत होती आई, तेव्हा तोंड का नाही उघडलंत? मला वाटत होतं माझं डोकं फिरलंय!' म्हणाले, 'चुकलं! हजार वेळा चुकलं! म्हणून तू मरायला जायचं?' मी म्हटलं, 'मरायला नव्हते गेले!' दोघंही रडत होतो आणि दोघंही ओरडत होतो. ड्रायव्हरने विचारलं, 'भाऊ, माती खाली करू की जाऊ?' तर बाबा त्याच्यावर ओरडले, 'दिसत नाही पोरीशी बोलतोय? जा घेऊन!'

तो गेला. अजून घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाहीये. बाबा न जेवता वाडीत गेलेत. पुढचा डबा मी भरणार, पाकिटातून गोळी काढताना नाव वाचून, हे मी त्यांना सांगितलंय. ते 'बरं' म्हणाले, तेही रागातच. आणि हात उडाला की सांगायचं, हे त्यांनी मला सांगितलंय. मी 'बरं' म्हटलं. पाण्यात एकटी जाणार नाही. हे तुला लिहून देतेय, जे तेव्हा दिलं नव्हतं.

मला कसं वाटतंय विचारशील, तर नीट सांगता येत नाही. बाबांवरचा राग गेलेला नाही. स्वतःवरचाही नाही. पण नववीत पहिली फिट आली तेव्हापासून या घरात कुणी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. कप फुटला तरी 'असू दे गं बाळा', मार्क कमी पडले तरी 'असू दे गं बाळा'. आज तीन वर्षांनी कुणीतरी माझ्यावर कडाडून ओरडलं, आणि आत्या, मी तिथे उभी होते. ऐकून घेतलं, उलट ओरडले, पडले नाही.

म्हणून तुझी ती माफी मी अर्धीच ठेवून घेतेय, उरलेली अर्धी या पत्रासोबत परत पाठवतेय. त्या अर्ध्या कागदावर आता मला ओरड.

रिद्धी